दोन गाद्यांमधली फट

टक्.

सासूबाईंनी कानातली यंत्रं काढून डबीत ठेवली आणि झाकण लावलं. दिवे घालवून पाचेक मिनिटं झाली होती आणि तेवढा वेळ केबिनमध्ये कुणी हूं की चूं केलं नव्हतं. झाकण लागलं तसा वरच्या बर्थवरून नवऱ्याचा सुस्कारा आला.

“आई झोपली का गं?”

“डबी मिटली,” मी म्हणाले.

डबी मिटली की बोलायला मोकळीक. बाळाच्या वेळी सासूबाई चार महिने आमच्याकडे राहिल्या, तेव्हापासूनचा हा नियम. कानात यंत्रं नसली की शेजारी ताट आपटलं तरी त्यांना पत्ता लागत नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत होते, कारण त्यांचे कान मीच तपासले होते. माझं कामच ते. जाड दाराची, स्पंजाच्या भिंतींची, बिनखिडकीची एक खोली असते. आत माणूस बसतो, कानावर मोठे हेडफोन, हातात बटण. काचेच्या बाहेर मी. “आवाज कितीही बारीक आला तरी बटण दाबा,” हे मी दिवसातून वीस वेळा म्हणते, आणि मग सुरांमागून सूर सोडत बसते.

म्हणूनच नवऱ्याने “बोटीवर आतली केबिन मिळतेय, खिडकी नाही, चालेल?” असं विचारलं तेव्हा मी बिनदिक्कत हो म्हटलं होतं. बिनखिडकीच्या खोलीची मला सवय आहे. तिथे मी काचेच्या बाहेर असते, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

आज चौथी रात्र होती. अजून दोन होत्या.

खरं तर दोन केबिन ठरल्या होत्या. शेजारच्या केबिनमध्ये मोठे दीर आणि जाऊबाई, आणि सासूबाई त्यांच्याबरोबर. निघायच्या आठवडाभर आधी दिरांनी अंग काढून घेतलं. त्यांची केबिन गेली, पण सासूबाईंचं नाव राहिलं, आणि ते आमच्या केबिनला जोडलं गेलं. बोट खच्चून भरलेली. काउंटरवरच्या मुलीने नवऱ्याला गोड हसून सांगितलं की एक पलंगसुद्धा शिल्लक नाही.

केबिन आमच्या घरच्या बाहेरच्या खोलीच्या निम्मी होती. एका भिंतीवर ऐटीत पडदा सोडलेला. माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे, पाय जमिनीवर ठरत नाही म्हणून भिंगरी. तिने आल्या आल्या तो पडदा सर्रकन ओढला. मागे समुद्र नव्हता, आरसा होता.

“आई,” ती म्हणाली, “बाहेर आपणच आहोत.”

त्या संध्याकाळी बिछाने घालायला एक हसरा माणूस आला. भिंगरीने लगेच त्याचं नाव बिछानेवाला ठेवलं. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची त्याला, पण त्याच्या हातांना सगळं सांगता येत होतं. त्याने छतात किल्ली फिरवली आणि छतातून आख्खा पलंग खाली उतरला. भिंगरीचा आ वासलेलाच राहिला. ती शिडीवर पाय ठेवणार तोच त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. सहा वर्षांखालच्या मुलांना वर मनाई.

“मला सहा होणारेत,” भिंगरी म्हणाली.

त्याने सहा बोटं दाखवली, एक अर्धं दुमडलं, आणि मान हलवली.

मग सुरू झालं आमचं नेहमीचं. आमच्या घरात ‘मला कुठेही चालतं’ हे वाक्य इतकं चालतं की कुणाला नेमकं कुठे चालतं ते कुणालाच माहीत नाही. “मला काय, कुठेही झोप लागते,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचे गुडघे धरलेले असताना शिडीकडे निघाल्या. “तू कशाला, मी जातो वर, मला कुठेही चालतं,” म्हणत नवरा चढला आणि छताला डोकं आपटून आडवा झाला. त्याला वर कूस बदलायची तर आधी नीट विचार करावा लागायचा. उरल्या खालच्या दोन अरुंद गाद्या. त्या वेगळ्या ठेवल्या तर बाळाच्या घडीच्या पाळण्याला जागा नाही, म्हणून बिछानेवाल्याने त्या एकमेकींना भिडवल्या. भिंतीकडे भिंगरी, म्हणजे पडायची भीती नको. कडेला सासूबाई, म्हणजे गुडघे सोडता येतील. आणि मध्ये, दोन गाद्या जिथे भिडत होत्या आणि नीट भिडत नव्हत्या, त्या फटीवर मी.

“तुला फट लागेल गं,” सासूबाई म्हणाल्या.

“छे, मला कुठेही चालतं.”

पायथ्याशी पाळणा लावला. शिडी अडकवली. आणि तेव्हा कळलं की आता बाथरूमचं दार फक्त वीतभर उघडतंय. म्हणजे पाळणा लावायच्या आत ज्याने त्याने काय ते उरकून घ्यायचं. एकदा लावला की सकाळपर्यंत कुणी कुठे जायचं नाही. आम्ही आपापल्या जागी काड्यांच्या पेटीतल्या काड्यांसारखे पडून राहायचो. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून चारनंतर पाणी सोडलं. “मला तशी तहानच नसते,” त्या म्हणाल्या.

बिछानेवाला रोज टॉवेलचा एक हत्ती करून पलंगावर बसवून जायचा. त्या हत्तीला ठेवायलाही केबिनमध्ये जागा नव्हती. तो रात्रभर भिंगरीच्या पोटावर असायचा.

तर चौथी रात्र.

“मग?” वरून नवरा म्हणाला. “काही ठरवलंस?”

“कशाचं?” मी म्हणाले. कशाचं ते मला माहीत होतं.

सासरे गेल्यापासून सासूबाई एकट्या राहतात ते घर भाड्याचं. मालकाने ते या महिनाअखेर रिकामं मागितलं होतं. दिरांनी आपल्याकडे जमणार नाही म्हणून हात वर केले आणि सहलीतूनही अंग काढलं ते त्यामुळेच. आता त्यांना एवढंच हवं होतं की सामान आमच्या पत्त्यावर पाठवायचं की नाही. सासूबाईंना कुणी काही विचारलं नव्हतं. आधी आपलं ठरू दे, मग सांगू, असं दोघा भावांमध्ये ठरलेलं.

“दादाला बोट लागायच्या आत कळवायचंय. तो ट्रकवाल्याला थांबवून बसलाय.”

“आत्ताच बोलायचं का हे?”

“मग कधी बोलायचं? दिवसभर आई असते, भिंगरी असते. एवढ्या मोठ्या बोटीवर आपल्याला बोलायला हीच एक जागा आहे.”

ते खरं होतं. माझा डावा खांदा सासूबाईंच्या पाठीला टेकलेला होता. उजव्या कुशीत भिंगरीचे गुडघे. पाठीखाली फट. त्या काळोखात मला कुणाचा चेहरा दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच तोंडातून भराभरा निघत गेलं.

“मला नाही जमणार,” मी म्हणाले.

वरचा पलंग करकरला.

“त्या वाईट आहेत असं नाही. त्यांनी माझं सगळं केलं. पण ते चार महिने मी कसे काढले ते तुला ठाऊक नाही. मी नळ सोडून बाथरूममध्ये रडायचे. का, ते मलाही सांगता यायचं नाही. बाळाला पाजताना कुणीतरी बघतंय. जेवताना कुणीतरी वाढतंय, मी पुरे म्हटलं तरी. दोन खोल्या आहेत आपल्याला, एक दार, आणि तेही नीट लागत नाही. पुढच्या महिन्यात मी कामावर जाणार, घरी आल्यावर मला पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं, कुणी बघत नाहीये असं बसायचं असतं. ती मला मिळणार नाहीत. कधीच नाहीत. या चार रात्री मी मोजून काढतेय. तसं आयुष्य मला मोजून नाही काढायचं.”

“मग काय सांगू दादाला?”

“मला माहीत नाही. तुझी आई आहे, तू सांग.”

“म्हणजे तू नाही म्हणतेयस.”

“हो,” मी म्हणाले. “नाही म्हणतेय.”

सासूबाईंचा श्वास संथ चालू होता, आत, बाहेर. मला त्यांचा थोडा हेवा वाटला. ऐकू येत नसलं की माणूस किती निवांत झोपतं, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी माझ्या बशीत काही वाढलं नाही. “आज दुपारी तू वर डेकवर जा,” त्या म्हणाल्या. “एकटीच. पोरांना मी बघते.”

“बाळोबा रडला तर तुम्हाला—”

“यंत्रं आहेत की,” त्या कानाला हात लावून म्हणाल्या. “तास दीड तास जा. कुणी हाक मारणार नाही.”

नवरा पोहायला गेला होता. मी वर गेले. किती महिन्यांनी मी हात मोकळे सोडून चालत होते. ते कुठे ठेवायचे तेच सुचेना. वारा भणाणत होता. चारी बाजूंनी पाणी, आणि त्या पाण्यात कुठे जाण्यासारखं काही नाही. मी कठड्याच्या कडेकडेने चालत सुटले आणि चालत चालत पुन्हा त्याच जिन्याशी आले. दुसरी फेरी मारली, पुन्हा तोच जिना. मग एका खुर्चीत बसले. पाच मिनिटं खरंच छान गेली. सहाव्या मिनिटाला अंगावरचा ब्लाउज ओला झाला. बाळोबाची वेळ झाली होती.

खाली आले तेव्हा तो पलंगावर भिंतीकडे, उशांच्या आड शांत झोपला होता. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. भिंगरी पलंगावर मांडी घालून टॉवेलच्या हत्तीचे कान तपासत होती. तिने माझा आवाज काढला होता. “आवाज कितीही बारीक आला तरी सोंड हलवा.” समोर आजीच्या यंत्रांची डबी उघडी.

“अगं, ते खेळायचं नाही. नाजूक असतं.”

“काही होत नाही त्याला. त्यात गोळीच नसते.”

गोळी म्हणजे बॅटरी. बारीक, गोल, मसुराएवढी. मी हसले. “गोळी नसेल तर चालेल कसं?”

“चालतच नाही ना.”

मी एक यंत्र उचललं आणि नखाने त्याचं चिमुकलं दार उघडलं. आत काही नव्हतं. दुसरं उघडलं. त्यातही नाही. ती जागा कोरी करकरीत होती. बॅटरी बसवून काढली की आतल्या पत्र्यावर एक अंधुक वर्तुळ उमटतं, तेसुद्धा नव्हतं.

“आजीने सांगितलंय, आईला सांगायचं नाही,” भिंगरी म्हणाली. “मी सांगितलं नाहीये हां. तू बघितलंस.”

बाथरूममधलं पाणी थांबलं. मी डबी मिटली आणि ती होती तिथे ठेवली.

आता एकेक गोष्ट आठवायला लागली आणि थांबेना. ही बॅटरी जास्तीत जास्त दोन आठवडे टिकते. मी त्यांना चार पाकिटं दिली होती, वर्ष होत आलं, आणि त्यांनी पाचवं कधी मागितलं नव्हतं. मला वाटलं, दुकानातून आणत असतील. इथे बोटीवर बाळोबा रात्री कुरकुरायचा आणि मी उठायच्या आत आपोआप गप्प व्हायचा. मला वाटलं, लाटांनी झोप लागतेय. काल पहाटे मी मान उचलून बघितलं तर सासूबाईंचा पाय पाळण्याच्या काठावर होता. मला वाटलं, गुडघा मोकळा करतायत.

आणि ती तपासणी. मला सातवा महिना होता, पाय भप्प सुजलेले. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि चारच दिवसांत म्हणाल्या, “मला हल्ली कमी ऐकू येतं गं, बघतेस का?” मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना खोलीत बसवलं. बारीक सुरांना त्यांनी बटण दाबलं नाही. मोठ्यांना दाबलं. तपासणी संपली की पहिला सूर परत द्यायचा असतो. दोन वेळची उत्तरं जुळली तरच कागदावर सही. मग शब्द उच्चारून म्हणवून घ्यायचे असतात. मी हे कुणालाच सोडत नाही. लोक खोटं बोलतात म्हणून नाही, लोक दमतात म्हणून. पण त्या दिवशी काचेतून सासूबाई माझ्याकडे बघून इतक्या मायेने हसत होत्या, की मी म्हटलं, घरचंच माणूस आहे. आणि सही केली.

त्यात त्यांचे कान म्हणजे काय कान. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. शंभर तारांच्या खरखरीतून कुणाचं बोलणं तुटतंय ते त्यांना कळायचं. हे मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. म्हातारपणी जातात कान, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी ते मान्यही करून टाकलं होतं.

मग कालची रात्र आठवली, आणि मी बोललेला शब्दन् शब्द.

संध्याकाळी मला त्यांच्याकडे बघवेना. जेवणाच्या टेबलावर त्या भिंगरीचा पाव मोडून देत होत्या, नवरा नेहमीप्रमाणे मोठ्याने “आई, सूप हवं का, सूप,” म्हणून ओरडत होता आणि शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघत होते. “नको रे,” सासूबाई म्हणाल्या. “तहान नाही.”

रात्री पाळणा लागला. शिडी अडकली. दिवे गेले. बाथरूमच्या दाराखालून उजेडाची एक रेघ तेवढी राहिली.

टक्.

“मग?” वरून नवरा. “शेवटचं विचारतो. पक्कं नाही ना?”

कालपर्यंत ही बोलायची एकुलती एक जागा होती. आता तीही गेली. नाही म्हणावं तर ते माझ्या खांद्याला टेकलेल्या पाठीला ऐकू जाणार. हो म्हणावं तर तेही तिलाच ऐकवण्यासाठी असणार, आणि ते तिला कळणार. दोन्हीकडून दार वीतभरच उघडत होतं.

“अगं, ऐकू येतंय ना?”

“येतंय.”

“मग बोल ना.”

“उद्या बोलू.”

“उद्या उद्या करत बोट लागेल,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “नाही तर नाही. मी तुला दोष देत नाही,” असं म्हणून त्याने कूस बदलायचा प्रयत्न केला, छताला कोपर लागलं, तो “आई गं” म्हणाला आणि थोड्या वेळाने घोरायला लागला.

मी ऐकत पडले. भिंगरीचा श्वास, बाळोबाचा, वरचं घोरणं. आणि शेजारी तो संथ, घड्याळासारखा श्वास. आता मी तो नीट ऐकला. झोपलेल्या माणसाचा श्वास इतका सारखा कधीच नसतो. मध्येच एखादा चुकतो, एखादा लांबतो. हा एकही चुकत नव्हता.

वर्षभरापूर्वी राहिलेलं काम मी तेव्हा केलं. छताकडे तोंड करून, ओठ जेमतेम हलतील इतक्या बारीक आवाजात मी म्हणाले, “आई, तुम्हाला बाथरूमला जायचंय का?”

श्वास थांबला.

मला वाटलं, आता उत्तर यायचं नाही. सकाळी आपण दोघी चहा घेऊ आणि हे कधी झालंच नाही असं होईल.

“हो,” सासूबाई म्हणाल्या. तितक्याच बारीक आवाजात.

आम्ही उठलो. एक शब्द न बोलता शिडी काढून पलंगावर आडवी ठेवली. वरच्या माणसाचा परतीचा रस्ता बंद झाला. मी बाळोबाला उचलून खांद्यावर घेतला, त्यांनी पाळण्याच्या घड्या मिटल्या. त्यांना त्या कशा मिटतात ते माहीत होतं, म्हणजे रोज बिछानेवाल्याचे हात बघून ठेवले होते. दार पूर्ण उघडलं. त्या आत गेल्या. मी उजेडात पाठमोरी उभी राहिले.

बाहेर आल्यावर त्या दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. मी पलंगाच्या पायथ्याशी. मध्ये एक हात अंतर, त्यात आमचे चार पाय.

“कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“आज दुपारी.”

“भिंगरी?”

“तिने सांगितलं नाही. मी बघितलं.”

त्या जराशा हसल्या. मग पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या.

“हे गेले ना,” त्या म्हणाल्या, हे म्हणजे सासरे, “त्यानंतर पहिल्यांदा आले तुमच्याकडे. मी खोलीत आले की तुम्ही दोघं गप्प. मी स्वयंपाकघरात गेले की कुजबुज. परत आले की गप्प. तुमचं भांडण अर्ध्यात राही, हसणंही अर्ध्यात राही. म्हटलं, मी बहिरी आहे म्हटलं तर निदान घर बोलतं राहील. एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. लाइनवर आहोत हे श्वासानेसुद्धा कळू द्यायचं नाही.”

“आणि वर्षभर?”

“मग बंद कसं करायचं तेच सुचेना. एकदम ऐकू यायला लागलं म्हटलं असतं तर तुम्ही मागचं सगळं आठवत बसला असतात. काय काय बोललो म्हणून.”

बाळोबा माझ्या खांद्यावर चुळबुळला. त्यांचा हात आपोआप पुढे आला आणि त्याच्या पाठीवर थोपटून मागे गेला.

“काल,” मी म्हणाले. “काल मी तसं म्हणायला नको होतं.”

“का नको? खरंच तर बोललीस. माझ्यासमोर इतकं खरं बोलली नसतीस.” त्यांनी पदराचं टोक सोडलं. “त्या नळाचं मला माहीत होतं. नळ चालू असला तरी रडणं कळतं गं. मी बाहेर उभी असायचे. दार वाजवावं की नको, हे ठरेपर्यंत तू तोंड धुऊन बाहेर यायचीस.”

मला त्या चार महिन्यांतलं ते दार आठवलं. मी आत, त्या बाहेर.

“आई, तुम्हाला कुठे राहायला आवडेल?” मी विचारलं. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, ते विचारताना लक्षात आलं.

“मला?” त्या म्हणाल्या. “मला काय, कुठेही चालतं.”

आणि मग दोघींना हसू फुटलं. तोंडावर हात धरून, खांदे हलेपर्यंत, आवाज न करता आम्ही हसलो. हसू ओसरलं तेव्हा माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नव्हतं, आणि त्यांनीही मला काही विचारलं नव्हतं. मी ‘आमच्याकडे या’ म्हणाले असते तर त्या आल्या असत्या. मला माहीत होतं. शब्द अगदी जिभेवर होता. पण त्या शब्दामागे दोन खोल्या होत्या, आणि ते न लागणारं दार होतं, आणि माझी पाच मिनिटं होती. मी बाळोबाच्या टाळूवर ओठ टेकून बसले.

“चल, पाळणा लाव,” त्या म्हणाल्या. “पहाटे तो उठेल.”

पलंगावर चढायच्या आधी त्यांनी भिंगरीच्या पोटावरचा हत्ती अलगद उचलला, एका झटक्यात त्याचा टॉवेल केला, त्याची घट्ट वळकटी वळली आणि दोन गाद्यांमधल्या फटीत दाबून बसवली. वरून चादर ओढली.

“हे पहिल्याच रात्री सुचायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

त्या रात्री पाठीला काही टोचलं नाही. मला झोप मात्र लागली नाही.

बोट लागायच्या दिवशी सकाळीच बिछानेवाला आला आणि त्याने पलंग छतात सरकवून किल्ली फिरवली. पाळणा मिटला, गाद्या वेगळ्या झाल्या. खोली एकाएकी मोठी वाटायला लागली. भिंगरीने शेवटच्या वेळी पडदा ओढून आरशातल्या आम्हा सगळ्यांना टाटा केला.

उतरायची रांग लांबलचक होती. अरुंद बोळ, दोन्हीकडे बंद दारं, पुढे माणसं, मागे माणसं, पायात बॅगा. नवऱ्याच्या हातात फोन. तो दिरांना काय लिहावं म्हणून लिहीत होता आणि पुसत होता. सासूबाईंनी डबी काढली, सगळ्यांना दिसतील अशी रिकामी यंत्रं कानात बसवली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

“अरे,” त्या मोठ्याने म्हणाल्या, बहिरी माणसं बोलतात तशा, “मी ठरवलंय हां. घर सोडायला सांगतोय ना तो मालक? मी धाकटीकडे राहायला जाणार. तिने केव्हाचं बोलावलंय. दादाला सांग, सामान तिकडेच पाठव.”

नवरा बघतच राहिला. धाकटी म्हणजे त्याची मावशी. तिच्या घरात माणसं जास्त आणि खोल्या कमी, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी तोंड उघडलं. समोरचा माणूस पुढे सरकला, त्याच्यामागे सासूबाई सरकल्या, आणि मी तोंड मिटलं.

“नक्की ना, आई?” नवरा त्यांच्या कानाशी ओरडला. “मावशीकडे? करमेल ना तुला?”

“न करमायला काय झालं. मला कुठेही चालतं.”

त्याने माझ्याकडे बघितलं. आठवडाभरात पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. “बघ,” तो हळूच म्हणाला, “सुटलं की नाही आपोआप?” आणि फोनवर भराभरा लिहायला लागला.

रांग पुन्हा अडली. बाळोबा झोळीत झोपला होता. सासूबाई आमच्या पुढे एका पावलावर पाठमोऱ्या उभ्या होत्या, अगदी ताठ, आणि त्यांचा श्वास संथ चालला होता. एकही चुकत नव्हता.

भिंगरीने माझा हात खाली ओढला. मी वाकले. हत्ती गेल्याचं दुःख ती सकाळपासून करत होती. मला वाटलं तेच असेल. तिने माझ्या कानाला तोंड लावलं, पण तिला हळू बोलता कुठे येतं.

“आई,” तिने विचारलं, “घरी मी भिंतीकडे किती सरकले की आजी मावेल?”